समुद्रकिनारा आणि विश्वस्तपण

गोव्याच्या किनारी धर्मग्रामांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. किनाऱ्यालगतची वडिलोपार्जित जमीन पर्यटकांच्या निवासस्थानासाठी विकावी काय, हा तो प्रश्न होय. विचारणाऱ्याच्या घरी कधी कर्ज असते, कधी आजारपण. अशा वेळी ‘विकू नका’ एवढेच सांगणे सोपे, परंतु अपुरे आहे. किनारा म्हणजे काय, त्यावर कोणाचा कोणता अधिकार आहे, आणि तो गेल्याने काय जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याच हेतूने आम्ही हे विवेचन करीत आहोत.

१. वाळूच्या टेकड्यांचे कार्य

भरतीरेषेच्या वरच्या बाजूस असलेल्या वाळूच्या टेकड्या परक्याला ओसाड वाटतात. वास्तविक त्या ओसाड नाहीत. वाऱ्याने उडालेली वाळू मर्यादवेल आणि ‘रावणाच्या मिशा’ नावाचे टोकदार गवत अडवून धरतात आणि टेकडी वर्षानुवर्षे वाढते. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा टेकडीच्या पुढील भागातील वाळू ओढून नेतात व समुद्रात थोड्या अंतरावर तिचा बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटतात. समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. टेकडी ही किनाऱ्याची शिल्लक होय. ती सपाट करून भिंत उभारली, तर लाट भिंतीवर आदळून पायथ्याची वाळू अधिकच उपसून नेते.

वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. गावच्या विहिरींना हेच पाणी मिळते. पोहण्याचे तलाव व हिरवळी यांसाठी उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि ज्याने एक वीतही जमीन विकलेली नाही अशा शेजाऱ्याची विहीर मचूळ होते.

मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. अंड्यांतून रात्री बाहेर पडणारी पिले समुद्रावरील मंद उजेडाच्या दिशेने चालतात. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट असला की ती उलट दिशेला वळतात व मरतात.

२. किनाऱ्यावरचा मनुष्य

गोव्यात आग्वाद किल्ल्याच्या परिसरात १९७४ साली मोठे हॉटेल सुरू झाले, आणि १९८५ पासून परदेशी पर्यटकांची खास विमाने येऊ लागली. तेव्हापासून कांदोळी, कळंगुट, कोलवा या गावांचे रूप पालटत गेले. पर्यटनाने अनेक घरांची चूल पेटती ठेवली आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. गावकरी स्वतः खोल्या भाड्याने देतात, झावळ्यांची उपाहारगृहे चालवितात.

तथापि मच्छीमाराच्या दृष्टीने किनारा हे कामाचे ठिकाण आहे. रापण ओढण्यासाठी दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात. त्यांना मोकळी वाळू हवी. मासळी सुकविण्यास, होड्या ओढून ठेवण्यास, जाळी विणण्यास जागा हवी. तेथे खुर्च्या व छत्र्या मांडल्या गेल्या की कायद्याने बंदी नसतानाही धंदा बंद पडतो. मुंडकारांची स्थिती अधिक नाजूक आहे. भाटकाराने जमीन विकली तरी १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही. घर विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. हे ठाऊक नसलेला मनुष्य किरकोळ रकमेवर सही करून बसतो.

३. कायद्याची स्थिती

भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवावा, असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ च्या नोव्हेंबरात किनारी राज्यांना लिहिले. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामास वर्ज्य ठरविले. २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातील वाळूच्या टेकड्यांना व वर सांगितलेल्या चार कासव-स्थळांना विशेष संरक्षण दिले. २०१९ साली मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण भागात वर्ज्य पट्टा ५० मीटरवर आणण्याची मुभा देण्यात आली.

दोनापावलानजीक वायंगिणी येथे हॉटेलाच्या विस्तारामुळे लोकांची समुद्राकडे जाणारी वाट अडली होती. त्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, किनाऱ्यासारखी निसर्गसंपत्ती शासनाकडे जनतेचा विश्वस्त म्हणून असते. पुढे राज्य शासनाने कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचविले. परंतु न्यायालयाने मांडलेले तत्त्व त्यामुळे पुसले गेले नाही.

४. आमचे कर्तव्य

विश्वस्तपणाची ही कल्पना पवित्र शास्त्राच्या वाचकास नवी नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायानुसार भूमी परमेश्वराची असून मनुष्य तीवर उपरा आहे. अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याची किंमत देऊ केली होती, आणि व्यवहार म्हणून ती वाजवी होती. नाबोथाने नकार दिला, कारण वतन हे मागच्यांकडून आलेले व पुढच्यांना द्यावयाचे असते. मात्र नाबोथ एकटा होता, आणि एकट्याच्या नकाराचे काय झाले हेही त्याच अध्यायात आहे.

म्हणून जमिनीचा प्रश्न घेऊन येणाऱ्यास एकटे सोडू नये, असे आम्हांस वाटते. त्याच्या जमिनीत वर्ज्य पट्टा किती येतो, मुंडकारीची नोंद झाली आहे काय, समुद्राकडे जाणारी वाट कोणाच्या वापरात आहे, हे त्याच्यासह बसून पाहावे. ग्रामसभेत बांधकामाचा विषय असेल त्या दिवशी मंडळींनी उपस्थित राहावे. कर्जापायी जमीन जात असेल, तर कर्जाचाच विचार धर्मग्रामाने प्रथम करावा. इतके झाल्यावरही कोणी जमीन विकली, तर त्याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. मात्र त्याने अज्ञानापोटी ती विकली असेल, तर त्या अज्ञानाचा जाब आम्हांलाच द्यावा लागेल.