दात दुखतो की मज्जातंतू?

आपल्या गालावर हळूच बोट फिरवा. स्पर्श लगेच कळला ना? हा निरोप मेंदूपर्यंत कोणी पोहोचवला? मज्जातंतूंनी. मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. त्यांतील पाचवी जोडी चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेते. प्रत्येक बाजूला या मज्जातंतूच्या तीन शाखा असतात. पहिली कपाळाकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे जाते.

कधी कधी या मज्जातंतूत बिघाड होतो. मग तोंड धुताना, दात घासताना, घास चावताना किंवा गार वारा लागताच चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती थोड्याच वेळात थांबते. पण दिवसातून अनेकदा येऊ शकते. या विकाराला 'ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया' म्हणतात. तो बहुधा पन्नाशीनंतर होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो.

असे का होते? विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मज्जातंतूवरही असते. बहुतेक रोग्यांमध्ये मेंदूजवळची एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूवर दाब देते. त्यामुळे वेष्टन झिजते आणि स्पर्शाचा साधा निरोपही वेदना होऊन मेंदूत पोहोचतो. क्वचित एखादी गाठ किंवा दुसरा आजारही याला कारण असतो.

हा विकार नवा नाही. इंग्रज विचारवंत जॉन लॉक हे वैद्यही होते. १६७७ साली पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला अशाच कळा येत होत्या. लॉक यांनी आपल्या पत्रांत त्यांचे वर्णन केले आहे.

कळ जबड्यात येते, म्हणून रोग्याला दातच दुखतो असे वाटते. कित्येक जण चांगला दात काढून घेतात. पण दुखणे तसेच राहते! दात निरोगी असूनही कळा थांबत नसतील, तर मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जावे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. कार्बामाझेपिनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. औषधाने भागले नाही, तर शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी मज्जातंतूपासून दूर करता येते.

या दुखण्यात सूज किंवा जखम दिसत नाही. तेव्हा तुमची दादी किंवा नानी जेवता जेवता एकाएकी थांबली, गालाला हात लावू देईना, तर तिला हट्टी म्हणू नका. तिला काय होते ते विचारा आणि घरातील मोठ्यांना सांगून तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.