कोळशाच्या खाणीतून समुद्रतळाकडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात राजूर हे गाव आहे. परिसरात त्याला ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात. कोळशाची खाण, चुनखडी आणि चुन्याच्या भट्ट्या ही त्याची ओळख. मालवणचा किनारा इथून सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून लांब. पाठीवर हवेची टाकी बांधून तिथे प्रवाळ पाहायला उतरणाऱ्या पर्यटकाला राजूरसारख्या गावाशी आपला काही संबंध असेल असे वाटणारही नाही. पण त्याच्या तोंडातला रेग्युलेटर, वर येण्याचे त्याचे नियम आणि समोरचे प्रवाळ, या तिन्हींचा माग काढत गेले की वाट कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणीतच पोहोचते.

श्वासाचे यंत्र

स्कूबाचा इतिहास बहुधा 1943 पासून सांगितला जातो. त्या वर्षी फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केले. पण मागणीनुसार हवा सोडणाऱ्या झडपेची, म्हणजेच रेग्युलेटरची, कल्पना त्याहून जुनी आहे, आणि ती समुद्रावर सुचलेली नाही. बेन्वा रूकेरॉल हा फ्रेंच खाण अभियंता. विषारी वायूने भरलेल्या खाणीत अडकलेल्यांपर्यंत बचाव पथकाने पोहोचायचे कसे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्याने 1860 मध्ये श्वास घेतला की तेवढीच हवा देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. नौदल अधिकारी ऑग्युस्त देनेरूझ याच्या साथीने चार वर्षांनी ते पाण्याखाली वापरण्याजोगे झाले.

पुढे इंग्लंडमध्ये हेन्री फ्ल्यूस याने प्राणवायूवर चालणारे बंदिस्त श्वसनयंत्र बनवले. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी शिरले होते, तेव्हा 1880 मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या तेच यंत्र लावून आत गेला. त्याच वर्षी सीहॅमच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि तिथल्या बचावकार्यातही ते वापरले गेले. खाण आणि समुद्र यांची गरज एकच होती: जिथे श्वास घेता येत नाही, तिथे माणसाला काही काळ जिवंत ठेवायचे.

वर येण्याचे शास्त्र

पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. 10 मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणून तिथे फुप्फुसात भरलेली हवा वर येताना दुपटीने पसरू पाहते. श्वास रोखून वर आले तर फुप्फुस फाटू शकते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा नियम पहिल्याच तासाला शिकवतात तो यासाठी.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. दाब झपाट्याने कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पक्षाघातही होतो. हे दुखणे प्रथम नोंदले गेले तेही कोळशापायीच. फ्रान्समध्ये लोआर नदीकाठी पाणथळ वाळूखालचा कोळसा गाठण्यासाठी शार्ल त्रिजे या अभियंत्याने दाबाखालची हवा भरलेली विहीर खणवली. तिथून बाहेर आलेल्या मजुरांच्या सांधेदुखीची नोंद त्याने 1840 च्या दशकात केली.

उत्तर शोधले ते ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. खाणीतल्या स्फोटांत माणसे भाजून मरतात त्यापेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी 1896 मध्ये दाखवून दिले. विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून खाणीत लहान प्राणी-पक्षी न्यावेत, हा सल्लाही त्यांचाच. याच माणसाने शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज पाणबुड्याच्या मनगटावरचा संगणक जे गणित करतो, त्याचा पाया ही कोष्टके आहेत. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. 1957 मध्ये ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

मालवणचे प्रवाळ

मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. त्याच्या आसपासच्या खडकांवर आज हौशी पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून पाच-सहा मीटर खाली उतरतात. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद कासिम आणि वाफर यांनी 1979 मध्ये केली, त्यात मालवण होते. इथे लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभित्ती नाही. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होते. तरी पोराइट्स, टर्बिनेरियासारखे चिवट प्रवाळ खडकांना धरून तुकड्यातुकड्यांनी टिकतात. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आता त्याच किनाऱ्यावरच्या अनेक घरांना स्कूबाचा आधार आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली पठारभूमी आहे. तिचा माथाच सुमारे 20 मीटर खोल असल्याने ते हौशी पर्यटकाचे काम नव्हे.

एकाच दगडाची दोन टोके

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या बळावर तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा उभारतो. राजूरची चुनखडीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. पण ती प्रवाळाने घडवलेली नव्हे. पैनगंगा समूहाचे हे खडक 54 कोटी वर्षांहूनही जुने; प्रवाळ तेव्हा जन्मालाच आलेले नव्हते. उथळ समुद्राच्या तळाशी तेव्हा सूक्ष्मजीवांचे थर होते. त्या समुद्राचा दगड आज भट्टीत पडतो. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 56 किलो कळीचा चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा वायू वेगळाच.

हा वायू समुद्रापर्यंत पोहोचतो. शिवाय तो हवेत उष्णता अडवून ठेवतो आणि समुद्रही तापतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी जेमतेम एक अंश अधिक तापले आणि तसे काही आठवडे राहिले, तरी प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्मा लांबला तर मरतो. 1998 मध्ये लक्षद्वीपने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक प्रवाळ विरंजन जाहीर केले. त्यातच समुद्रात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू घसरतो आणि सांगाडा बांधणे अवघड होते.

याचा दोष राजूरच्या भट्टीवाल्याच्या किंवा खाणकामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी काढलेल्या कोळशावर सगळ्यांचेच दिवे लागले आहेत. मात्र समुद्र आपल्यापासून लांब आहे, असे विदर्भातल्या माणसाला म्हणता येणार नाही.

वणीहून मालवणला जाणाऱ्यांनी एवढे पाळावे: प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय उतरू नये, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, पाण्याखाली श्वास रोखू नये. एक डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि अनेक केल्या असतील तर 18 तास विमान टाळावे. प्रवाळावर उभे राहू नये, माशांना पाव-बिस्किटे घालू नयेत, प्रवाळावर नांगर टाकणारी होडी घेऊ नये. आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलू नये; वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे आणि तो तोडणे हा गुन्हा आहे.