हॉरिबल!

आमच्या वर्गात सध्या एका इंग्रजी विशेषणाचे राज्य आहे. पेपर कठीण निघाला, ‘हॉरिबल’! डब्यातली भाजी खारट झाली, ‘हॉरिबल’! आमगाव स्टेशनात गाडी उशिरा आली, तीही ‘हॉरिबल’च! मराठीचा मास्तर म्हणून मी कपाळाला आठ्या घालाव्यात. पण घरी आमचीच मंडळी बासुंदीला ‘भयंकर गोड’ म्हणतात, तेव्हा बोलणार कोणत्या तोंडाने?

वास्तविक हा शब्द मोठ्या घराण्यातला. त्याच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे, त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणे. ज्याने अंगावर काटा येतो, ते हॉरिबल. गंमत अशी, की संस्कृतातला ‘हृष्’ धातू भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात. म्हणजे ‘हर्ष’ आणि ‘हॉरिबल’ चुलतभाऊच! काटा भीतीने येतो, तसा आनंदानेही येतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला जो ‘रोमहर्ष’ होतो, त्यात आनंदाचा लवलेशही नाही.

आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. आठव्या शतकातल्या या कवीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात स्मशान उभे केले आहे. पिशाच्चे, नरमांस, बळी देण्यासाठी आणलेली मालती! बळी देणाऱ्याचे नाव अघोरघंट. ‘अघोर’ म्हणजे खरे तर ‘भयंकर नव्हे तो’. आपण मराठी माणसांनी मात्र ‘अघोरी’ला महाभयंकर करून टाकले. बीभत्स रस शिकवताना मी हाच अंक सांगतो. वर्ग कसा चिडीचूप होतो!

एका पावसाळ्यात एक विद्यार्थी आठ दिवस गैरहजर होता. आल्यावर विचारले, तर म्हणाला, “घरी हॉरिबल झालं, सर.”

“का रे, भाजी खारट झाली?” मी म्हणालो. वर्ग हसला. तो मुकाट्याने खाली बसला.

तास संपल्यावर त्याच्या मित्राने सांगितले. रोवणी चालू असताना बांधीत वीज पडून त्याचे वडील गेले होते.

पोराने शब्द अगदी अचूक वापरला होता. बोथट झाले होते ते माझे कान. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. मराठीचा प्राध्यापक असून मला तिथे एकही विशेषण सुचले नाही.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या फराळात चकली वातड निघाली, तर तिला वातडच म्हणा. तो दुसरा शब्द राखून ठेवा. कुणाला तरी तो खरोखरच लागणार असतो.