मनाची तपासणी आधी, शस्त्रक्रिया मागाहून

माजलगाव तालुक्यातले राजेगाव (जि. बीड) २०१८ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. या गावचे ललित साळवे २०१० मध्ये महिला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले होते. आपण बाई नाही, पुरुष आहोत, असे त्यांचे म्हणणे. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली, ती नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेथून मॅटकडे वळले. अखेर शासनाने परवानगी दिली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. तेव्हा पारावर, एस. टी. स्टँडवर, सलूनमध्ये एकच विषय होता. "बाईचा बाप्या झाला म्हणं!"

या चर्चेत मुद्द्याची गोष्ट मागेच राहिली. ऑपरेशनच्या आधी साळवे यांची गुणसूत्रांची तपासणी झाली होती, मानसोपचारतज्ज्ञांनीही त्यांना तपासले होते. मनात आले आणि टेबलावर जाऊन पडले, असे झाले नाही. आज अनेक खेड्यांतली मुले मोबाईलवर अशा शस्त्रक्रियांची माहिती पाहतात. एखादा घर सोडून थेट शहर गाठतो. अशा वेळी ही आधीची पायरी नीट समजून घेतली पाहिजे.

दुबार पेरणी नाही

पाऊस दगा देतो तेव्हा शेतकरी दुबार पेरणी करतो. इथे ती सोय नाही. काढलेले वृषण किंवा गर्भाशय परत बसवता येत नाही आणि पुढे स्वतःचे मूल होण्याची वाटही बंद होते. बाईच्या शरीरात पुरुषी हार्मोन घेतल्यावर घोगरा झालेला आवाज औषध बंद केले तरी पूर्ववत होत नाही. म्हणून जगभरचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने जातात. आधी बोलणे, मग गरज असेल तर हार्मोन, आणि शस्त्रक्रिया शेवटी.

याबाबतची पहिली आंतरराष्ट्रीय नियमावली १९७९ साली निघाली. २०१२ च्या आवृत्तीत गुप्तांगाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन तज्ज्ञांची शिफारसपत्रे आणि १२ महिने हार्मोन उपचार सांगितले होते. ज्या रूपात पुढे राहायचे, त्या रूपात १२ महिने राहून पाहावे, असेही त्यात होते. २०२२ च्या आवृत्तीने हे सैल केले. एक पत्र पुरे, हार्मोनचा काळ निदान ६ महिने. तपासणी मात्र काढून टाकली नाही. सावधगिरी हवी, पण माणसाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवू नये, हा त्यातला अर्थ.

डॉक्टर विचारतात तरी काय?

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. "आमचं लेकरू काय येडं हाय का?" नाही, वेडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत ही अवस्था मानसिक आजारांच्या यादीतून काढून टाकली आहे. तपासणी कुणाला वेडा ठरवण्यासाठी नसते. निर्णय पक्का आहे का आणि माणूस त्याचे परिणाम जाणतो का, हे तिथे पाहतात.

ही भावना कधीपासून आहे? ती टिकून आहे की एखाद्या धक्क्यानंतर अचानक उफाळली? दारूचे व्यसन, खोल नैराश्य, कानात आवाज ऐकू येणे असे काही आहे का? असेल तर आधी त्यावर उपचार होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची वाट कायमची बंद होत नाही. कुणाचा दबाव आहे का, हेही विचारतात, मग तो घरचा असो, जोडीदाराचा असो की गुरूचा. ऑपरेशनने काय होईल आणि काय होणार नाही, याची कल्पना आहे का? मूल हवे असेल तर आधी बीज साठवून ठेवता येते, हे माहीत आहे का? ऑपरेशननंतर महिनोन्महिने निगा राखावी लागते, तेव्हा जवळ कोण राहील?

शरीराची तपासणीही सोबत चालते. काहींची ठेवणच जन्मतः वेगळी असते. त्यांचा प्रश्न निराळा, उपचारही निराळे. म्हणून गुणसूत्रे पाहतात.

दाईमा आणि भगत

आपल्याकडे धोका दोन बाजूंनी आहे. हिजडा समाजात लिंगछेदाला 'निर्वाण' म्हणतात. पूर्वी ते दाईमाच्या हातून होई. ना भूल, ना टाके, ना रक्ताची बाटली. त्यात कित्येकांनी जीव गमावला. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांचा लघवीचा मार्ग आकसला. आजही पैसे वाचवायला किंवा चौकशी नको म्हणून कोणी पदवी नसलेल्याकडे जात असेल, तर तो जिवाशी खेळ आहे. "लगेच करतो, कागद नको, तपासणी नको" असे सांगणाऱ्याच्या दारातून माघारी फिरावे.

दुसऱ्या बाजूला घरचे असतात. ते पोराला भगताकडे नेतात, अंगारा लावतात, मारहाण करतात, नाहीतर "लग्न लावून द्या, होईल सरळ" म्हणतात. त्यात परक्याच्या लेकीचेही आयुष्य मातीमोल होते. औषध देऊन किंवा समुपदेशन करून हा कल 'बरा' करतो म्हणणाऱ्या डॉक्टरांपासूनही सावध राहावे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला.

पस्तावा होतो का?

हा प्रश्न हमखास येतो. २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून सुमारे ७,९०० जणांची माहिती तपासली गेली. पस्तावलेल्यांचे प्रमाण साधारण १ टक्का निघाले. काही अभ्यासांत पुढे संपर्क तुटलेले लोकही होते, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण जे रीतसर तपासणीतून गेले, त्यांच्यातले बहुतेक समाधानी राहिले, एवढे त्यातून दिसते. ज्या थोड्यांना पस्तावा होतो, त्यांच्यासाठीच तर आधीची विचारपूस असते.

ऑपरेशन म्हणजेच ओळख नव्हे

सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगते आपल्या भागाला नवे नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी शरीराला कधी सुरी लावली नाही, तरी लुगडे नेसून आयुष्य काढले. सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात सांगितले की, लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे बेकायदा आहे. तेव्हा कुणी हिणवते म्हणून किंवा "अर्धवट कशाला राहतोस" असे टोचते म्हणून ऑपरेशन करून घेऊ नये. ज्याला ते खरोखर हवे आहे, त्याने जरूर करावे, पण स्वतःच्या मनाने आणि पूर्ण माहितीनिशी.

सुरुवात कुठून करावी? जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभागात केसपेपर काढावा. तिथवर जाण्याचे धाडस होत नसेल तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. आईबापांनीही सोबत जावे. डॉक्टरांपुढे बसून पोरगे जे बोलते, ते घरात वर्षानुवर्षे ओठांवर आलेले नसते. ते शांतपणे ऐकून घ्यावे. पुढे ऑपरेशन होवो न होवो, तेवढ्याने निदान पोरगे घर सोडून पळणार नाही आणि भलत्याच्या हाती लागणार नाही.