स्कोडा ऑक्टाव्हिया (पहिली पिढी) : यांत्रिक बिघाड व दुरुस्तीखर्च

स्कोडा ऑक्टाव्हिया (पहिली पिढी) ही चेक कंपनी स्कोडा ऑटोची मध्यम आकाराची प्रवासी मोटार आहे. भारतात तिची जोडणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात २००१ पासून होऊ लागली आणि २०१० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. भारतात ती सेडान म्हणून ओळखली जाते. मात्र तिचे मागील दार काचेसह वर उघडते, त्यामुळे रचनेने ती लिफ्टबॅक प्रकारात मोडते. जुन्या मोटारींच्या बाजारात ती कमी किमतीत मिळते, परंतु तिच्या सुट्या भागांचे दर त्या प्रमाणात उतरलेले नाहीत. हा लेख या मोटारीत, विशेषतः १.९ लिटर डिझेल आवृत्तीत, नेहमी आढळणारे बिघाड आणि त्यांच्या खर्चाची कारणे यांविषयी आहे.

पार्श्वभूमी

ही मोटार फोक्सवॅगन समूहाच्या ज्या सांगाड्यावर बांधली गेली, त्याच सांगाड्यावर फोक्सवॅगन गोल्फची चौथी पिढी आणि ऑडी ए३ची पहिली पिढी उभी होती. त्यामुळे तिचे अनेक सुटे भाग आणि अनेक दोषही या मोटारींशी समान आहेत. शेंद्रा येथे परदेशांतून आलेल्या सुट्या संचांची जोडणी होत असे. मोटार शहरालगत तयार होत असली, तरी तिचे बरेचसे महत्त्वाचे भाग येथे बनत नसत. म्हणून कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या मालकालाही आयात भागांचीच किंमत मोजावी लागते.

इंजिन

१,८९६ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन दीर्घायुषी मानले जाते. त्याचा सर्वांत नाजूक दुवा म्हणजे टायमिंग बेल्ट. हा दातेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्ट, इंधन पंप आणि वॉटर पंप यांना देतो. तो तुटल्यास झडपा आणि दट्ट्या यांचा मेळ सुटून ते एकमेकांवर आदळतात. झडपा वाकतात आणि सिलिंडर हेड उघडावे लागते. पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा कोणतीही सूचना मिळत नाही. किलोमीटर कमी झाले असले, तरी वयामुळे रबर कमकुवत होते. यामुळे पट्टा बदलल्याचे बिल उपलब्ध नसल्यास तो बदललेला नाही, असे धरून चालणे सुरक्षित असते.

त्या काळातील या समूहाच्या अनेक इंजिनांत वॉटर पंपाचे पाते प्लास्टिकचे होते. ते तडकल्यास किंवा दांड्यावर सैल झाल्यास कूलंट फिरत नाही, इंजिन तापते आणि हेड गॅस्केट निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. पंपापर्यंत पोहोचण्यासाठी टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. म्हणून पट्टा, ताणक पुली व पंप एकाच वेळी बदलण्याची पद्धत आहे. त्यामुळे मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

मोटार चढावर ओढत नसेल, तर अनेकदा हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक सदोष असतो. एअर फिल्टर वेळेवर न बदलल्यास धुळीमुळे तो लवकर खराब होतो. निर्वात नळ्यांना पडलेल्या चिरा आणि इनटेकमध्ये साठलेली काजळी यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. चाचणी न करता थेट टर्बोचार्जर बदलणे ही या बाबतीतील सर्वांत महागडी चूक ठरते.

शीतन व वातानुकूलन

मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. रेडिएटरच्या पंख्याची मंद गती बंद पडणे हा या मोटारीतील परिचित दोष आहे. वेगात जाताना वाऱ्यामुळे तो जाणवत नाही. शहरातील गर्दीत मात्र एसी थंड हवा देईनासा होतो आणि इंजिनाचे तापमान वाढते. याउलट ग्लो प्लगचा दोष संभाजीनगरच्या सौम्य हिवाळ्यात दडून राहतो; थंड पहाटे इंजिन सुरू होण्यास वेळ लागला, तरच तो लक्षात येतो.

सस्पेन्शन, क्लच व विद्युत यंत्रणा

पुढील लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंक आणि शॉकॲब्सॉर्बरचे वरचे माउंट खराब रस्त्यांवर लवकर झिजतात. खड्ड्यातून जाताना येणारा ‘खट्‌खट्’ आवाज आणि टायरची एका बाजूने होणारी झीज ही त्याची लक्षणे होत. हे भाग तुलनेने स्वस्त असतात. पण दुरुस्ती लांबवल्यास टायरचा खर्च वाढतो.

क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ज्या गाड्यांत दोन भागांचे फ्लायव्हील असते, तेथे ते झिजल्यास खर्च बराच वाढतो. दारांमध्ये काच उचलणाऱ्या यंत्रणेचे प्लास्टिकचे क्लिप तुटून काच दारात पडणे आणि दाराच्या कुलुपातील सूक्ष्म स्विच बंद पडणे हे दोषही सर्रास आढळतात.

दुरुस्तीखर्चाची रचना

एकाच दुरुस्तीचे दर गॅरेजनुसार बरेच भिन्न असतात. त्यामागे मुख्यतः तीन कारणे आहेत :

पहिले, भागाचा उगम. कंपनीच्या वेष्टनातील भाग, मूळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेला तोच भाग, स्थानिक पर्याय आणि भंगारातून काढलेला वापरलेला भाग यांच्या किमतींत मोठा फरक असतो. टायमिंग बेल्ट, ब्रेक आणि स्टिअरिंग यांसाठी वापरलेले किंवा अनोळखी बनावटीचे भाग धोकादायक ठरतात. दाराची मूठ किंवा आरसा यांसाठी ते चालू शकतात.

दुसरे, मजुरी. बुश स्वस्त असला, तरी तो बसवण्यास लागणारा वेळ कमी नसतो.

तिसरे, निदान. या समूहाच्या मोटारींसाठीची संगणकीय चाचणी प्रणाली हाताळणारा कारागीर नेमका दोष शोधू शकतो; अंदाजाने भाग बदलत गेल्यास खर्च वाढतच जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. मोटार विम्यातून झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही.

नोंदणीचे नूतनीकरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी ५,००० रुपये आणि २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी १०,००० रुपये केंद्रीय शुल्क आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा असतो. पहिल्या पिढीच्या जवळपास सर्वच ऑक्टाव्हिया आता या कक्षेत आल्या आहेत.

खरेदीपूर्व तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहणे, कूलंटमध्ये तेलाचा अंश तपासणे, एसी चालू ठेवून मोटार उभी असताना पंखा फिरतो का ते पाहणे, चढावर ओढ आजमावणे आणि टायमिंग बेल्टचे बिल मागणे या पाच गोष्टींतून बहुतेक मोठ्या खर्चांची पूर्वकल्पना मिळते. अशा मोटारीची खरी किंमत ठरवताना खरेदीच्या रकमेत टायमिंग बेल्टचा संच, शीतन यंत्रणा, पुढील सस्पेन्शन आणि नोंदणी नूतनीकरण यांचा खर्च मिळवावा लागतो. ही बेरीज तुलनेने नव्या मोटारीच्या किमतीजवळ जात असल्यास कमी दराचा लाभ उरत नाही.