टॉप मॉडेल घेतलं म्हणून डिकी मोठी होत नाही

बारामतीच्या भिगवण रोडवरचं शोरूम असो की इंदापुरातला चहाचा गाडा, हॅचबॅक घेण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "बेस मॉडेल नको, डिकी लहान पडते. टॉप घ्या, सामान भरपूर बसतं." सांगणारा माणूस बहुतेक वेळा जाणता असतो, गाडी स्वतः चालवणारा असतो, म्हणून ऐकणाऱ्याला खरंही वाटतं. मग डिकीसाठी म्हणून दीड-दोन लाख रुपये जास्त मोजले जातात. हे पैसे अलॉय व्हील, मोठी स्क्रीन, सनरूफ, कॅमेरा यांसाठी मोजले तर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण डिकीसाठी मोजले असतील तर ते वाया गेले आहेत आणि हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

एका हॅचबॅकची पाच-सहा मॉडेलं असतात, पण त्या सगळ्यांचा पत्रा एकाच साच्यातून येतो. मागच्या सीटपासून डिकीच्या दारापर्यंतचा तळ, चाकांच्या दोन्ही बाजूंच्या कमानी, स्टेपनीचा गोल खड्डा हे सगळं बेसपासून टॉपपर्यंत तेच. मॉडेलनुसार वेगळा पत्रा ठोकणं कोणत्याही कंपनीला परवडणारं नाही. म्हणूनच ब्रोशरमध्ये पेट्रोलच्या सगळ्या मॉडेलांसमोर लिटरचा एकच आकडा छापलेला असतो. 2022 च्या बलेनोला 318 लिटर, 2024 च्या स्विफ्टला 265 लिटर. स्वस्त घ्या किंवा महाग, आकडा तोच. उलट मॉडेल नवं आलं म्हणून जागा वाढेल, असंही नाही. आधीच्या बलेनोची डिकी 339 लिटरची होती, म्हणजे नव्या गाडीत 21 लिटर कमीच झाले.

मग फरक पडतो कुठे? डिकी उघडल्यावर आपण ज्याला तळ म्हणतो तो खरा तळ नसतोच. ती एक फळी असते, वरून कार्पेट चिकटवलेली. ती उचला. खाली स्टेपनी दिसेल, जॅक आणि पाना दिसेल, काही गाड्यांत थर्माकोलसारख्या फोमचा खाचा पाडलेला ट्रे दिसेल. आणि त्याच्याही खाली पत्रा. मॉडेल बदललं की पत्रा आणि फळी यांच्यामध्ये काय ठेवलंय ते बदलतं. कुठे पूर्ण मापाची स्टेपनी, कुठे बारकी, कुठे स्टेपनीऐवजी पंक्चर किट, कुठे सिलिंडर. डिकीची जागा ठरते ती इथे, बंपरवर क्रोमची पट्टी आहे की नाही यावर नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात तयार होतं. टाटांची अल्ट्रोझ पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडते. जानेवारी 2020 मध्ये ती बाजारात आली आणि मे 2023 मध्ये तिची सीएनजी आवृत्ती आली. या सीएनजी गाडीत एका मोठ्या टाकीऐवजी प्रत्येकी 30 लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या फळीखाली आडवे झोपवले आहेत आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगली आहे. वरून पाहिलं तर डिकी स्वच्छ, सपाट, बॅगा ठेवता येतील अशी. पण फळी वर सरकली आहे. पेट्रोल अल्ट्रोझची डिकी 345 लिटरची आहे, सीएनजीची 210 लिटरची. थेट 135 लिटरचा फरक. आता नीट लक्ष द्या. हे सीएनजी किट साध्या मॉडेलपासून सनरूफवाल्या टॉपपर्यंत दिलं गेलं. म्हणजे सनरूफची महागडी सीएनजी अल्ट्रोझ घेणाऱ्याला 210 लिटर मिळतात आणि त्याच गाडीचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल मॉडेल घेणाऱ्याला 345. एवढं उघड उदाहरण समोर असताना "टॉप घ्या, डिकी मोठी मिळते" हे वाक्य अजून चालतंच कसं?

याचा अर्थ दोन सिलिंडरची रचना वाईट आहे असा मुळीच नाही. जुन्या पद्धतीत 60 लिटरची एकच टाकी मागच्या सीटला लागून आडवी बसते आणि डिकीत उरते ती पिशव्या कोंबण्यापुरती जागा. त्या मानाने ही सोय कितीतरी चांगली. ह्युंदाईनेही 2024 मध्ये एक्स्टरला दोन सिलिंडर दिले ते याचमुळे. पण स्टेपनी गाडीखाली गेली की पंक्चरच्या वेळी वाकून ती खाली उतरवावी लागते, आणि पावसाळ्यात शेतातल्या कच्च्या रस्त्याने येणाऱ्या गाडीच्या पोटाला किती चिखल लागतो हे इंदापूरच्या माणसाला सांगायला नको.

मोठ्या डिकीच्या गैरसमजाचं दुसरं टोक जास्त धोक्याचं आहे: टॉप मॉडेल "दणकट" असतं, त्यात वजन जास्त चालतं. इथे गणित बरोबर उलटं आहे.

प्रत्येक गाडीचं सामान-माणसांसह जास्तीत जास्त किती वजन चालेल हे कंपनीने ठरवून मंजूर करून घेतलेलं असतं. हे भरलेलं एकूण वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान यांच्या वाट्याला काय येतं ते कळतं. एकाच इंजिनाच्या मॉडेलांना एकूण वजनाची मर्यादा बहुतेक वेळा एकच असते. पण टॉप मॉडेलमध्ये जाडजूड सीटकव्हर, मोठी चाकं, सनरूफची काच, जास्त वायरिंग, जास्त एअरबॅग असतात. रिकामी गाडी जड झाली, म्हणजे सामानाचा वाटा तेवढाच कमी झाला. सीएनजीत हा फरक मोठा होतो, कारण सिलिंडर आणि किटचं वजन शंभर किलोच्या आसपास जातं.

हिशोब करून पाहू. समजा एका हॅचबॅकची मर्यादा 1340 किलो आणि रिकामी गाडी 900 किलो. उरले 440. पाच मोठी माणसं, आणि वाहन अभियंते धरतात त्याप्रमाणे प्रत्येकी हातातल्या सामानासह 75 किलो, म्हणजे 375. शिल्लक 65 किलो. डाळिंबाचे 20 किलोचे तीन क्रेट ठेवले की संपलं. चौथा क्रेट डिकीत मावतो, पण वजनात बसत नाही. आता वरच्या मॉडेलचं रिकामं वजन 30 किलो जास्त धरा. शिल्लक 35, म्हणजे जेमतेम एकच क्रेट. पाच जण बसलेत आणि मागे सहा क्रेट रचलेत अशा हॅचबॅक पुणे-सोलापूर रस्त्यावर दिसतात. मागचा भाग टेकलेला, समोरचे दिवे आकाशाकडे. असं वजन मागच्या टायरवर आणि सस्पेन्शनवर येतं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि पुढची चाकं हलकी पडल्याने वळणावर स्टिअरिंगचा भरवसा राहत नाही. डिकीची फळी तर मुळात वजन पेलायला बनवलेलीच नसते, ती झाकण असते. स्टेपनीच्या खड्ड्यावर ती मधोमध अधांतरी असते, म्हणून जड क्रेट ठेवला की तिथेच खचते.

वजनच वाहायचं असेल तर त्यासाठी बनवलेली गाडी वेगळी असते. पियाज्योची मालवाहू ॲपे आपल्या बारामतीच्या एमआयडीसीतच तयार होते. तिचा हौदा आणि हॅचबॅकची डिकी यांची कामं वेगळी आहेत.

एक अपवाद प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. काही गाड्यांत वरच्या मॉडेलला डिकीची सोय खरोखर वेगळी मिळते. युरोपात फोक्सवॅगन पोलोच्या वरच्या मॉडेलांना डिकीची फळी दोन उंचींवर बसवता यायची: खालच्या खाचेत ठेवली की खोली पूर्ण, वरच्या खाचेत ठेवली की डिकीच्या उंबऱ्याला समतल. चाकणला 2022 पर्यंत जी पोलो बनत होती तिला ही सोय नव्हती. 2015 च्या होंडा जाझमध्येही मागच्या सीटची बैठक उभी करून उंच वस्तू ठेवायची सोय फक्त वरच्या मॉडेलांत होती. जाझची इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे ते जमत होतं. 2018 च्या फेरबदलात तीही सोय गेली. पण नीट पाहिलं तर या दोन्ही गाड्यांत जागा वाढलेली नाही. आहे ती जागा वापरायची पद्धत बदलली आहे. पोलोची फळी वरच्या खाचेत ठेवली की वरची जागा उलट कमीच होते.

आता बाकीचे समज.

लिटर जास्त म्हणजे क्रेट जास्त, हे चूक. डिकी मोजायच्या एका प्रचलित पद्धतीत 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून मोजणी होते, त्यामुळे कोपऱ्यातली फटही हिशोबात येते. बाजारात नेहमी दिसणारा क्रेट साधारण 54 सेंमी लांब, 36 रुंद आणि 29 उंच असतो, म्हणजे सुमारे 56 लिटर. 345 ला 56 ने भागलं तर सहा येतात, पण चाकांच्या कमानी आणि दाराचा उतार यांमुळे पार्सल ट्रेखाली सहा बसत नाहीत.

60:40 सीट असली की मागे सपाट मैदान होतं, हेही चूक. बहुतेक हॅचबॅकमध्ये सीट पाडल्यावर एक पायरी राहते. ती भरून काढायला प्लायवूड टाकून घेतात, पण न आवळलेली फळी ब्रेक लागला की पुढे सरकते.

टॉप मॉडेलला लोखंडी रिमची बारकी स्टेपनी मिळाली म्हणजे डीलरने फसवलं असं नाही. कंपनीच तशी देते. तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळायची असते.

स्टेपनी काढली की जागा फुकट मिळते, हा शहाणपणा नाही. जुलै 2020 मधल्या केंद्राच्या नियमबदलाने जी सूट मिळाली ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांसाठी आहे. टियागो ईव्हीसारख्या गाड्या अशाच किटसह येतात. तुमच्या गाडीत यातलं काही नसताना स्टेपनी घरी ठेवून निघालात तर रात्री बारामती-इंदापूर रस्त्यावर मदत शोधत उभं राहावं लागेल.

60 लिटरच्या टाकीत पंपवाला आठ-नऊ किलोच भरतो म्हणजे चोरी, असंही नाही. 60 लिटर हे टाकीत मावणाऱ्या पाण्याचं माप आहे. 200 बार दाबाने भरलेला गॅस त्यात तेवढाच बसतो, आणि उन्हाळ्यात थोडा कमी.

सिलिंडर फळीखाली दिसत नाही म्हणून त्याची काळजी नको, हे मात्र अजिबात मानू नका. दर 3 वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं, ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, त्याने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती करायची. फळीखाली लपलेल्या वस्तूची तारीख विसरणं सोपं असतं, म्हणून ती आरसी बुकाच्या पाकिटावर लिहून ठेवा.

गाडी पाहायला जाताना टेप न्या आणि जे सामान तुम्ही खरोखर नेता त्यातला एक रिकामा क्रेट किंवा दुधाचा कॅन न्या. शोरूममध्ये मांडलेली गाडी बहुतेक वेळा टॉप पेट्रोल असते. तुम्ही सीएनजी घेणार असाल तर सीएनजीच दाखवायला सांगा. विक्रेत्याला फळी उचलायला लावा, खाली काय आहे ते पाहा, उंबऱ्यापासून सीटपर्यंत आणि कमानीपासून कमानीपर्यंत मोजा. आणि बुकिंगची रक्कम देण्याआधी त्याच मॉडेलचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन लिहून घ्या. गाडीसोबत मिळणाऱ्या फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, ही वजनं असतात. विक्रेता "नंतर बघू" म्हणाला तर तुम्हीही पैसे नंतर द्या.