पोट न उघडता पित्तमार्ग मोकळा

कावीळ म्हणजे यकृताचा दाह, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काही रुग्णांत मूळ दोष यकृतात नसून, यकृतातून लहान आतड्याकडे पित्त वाहून नेणाऱ्या नलिकेत असतो. खडा, कर्करोगाची गाठ किंवा आकुंचन यांमुळे ही पित्तनलिका बंद झाली की पित्त रक्तात उतरते. डोळे पिवळे होतात, लघवी गर्द व शौच पांढुरके होते आणि अंगाला खाज सुटते. हीच अवरोधजन्य कावीळ होय.

पूर्वी यावर पोटाची शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. १९६८ साली अमेरिकेत, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून या नलिकेच्या आतड्यातील मुखात बारीक नळी घालण्यात यश आले. १९७४ साली जर्मनी व जपानमधील तज्ज्ञांनी ते मुख विद्युत्-तारेने छेदून खडे काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

तथापि प्रत्येक खडा सहजी निघत नाही. सुमारे दीड सेंटिमीटरहून मोठा खडा बहुधा अवघड ठरतो. अशा वेळी मोठ्या फुग्याने नलिकेचे मुख रुंदावतात किंवा खडा तारेच्या जाळीत आवळून फोडतात. तेही न साधल्यास नलिकेतच अतिसूक्ष्म दुर्बीण नेऊन लेसर किंवा विद्युत्-ठिणगीने त्याचे तुकडे करतात. कर्करोगाने मार्ग आवळला असल्यास तेथे प्लॅस्टिकची किंवा धातूच्या जाळीची नळी बसवून पित्ताला वाट करून देतात. नलिकेच्या मुखातून प्रवेशच न मिळाल्यास, ध्वनिलहरींच्या साहाय्याने जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून सुई नेऊन नवा मार्ग काढता येतो.

हे उपचार सर्वस्वी निर्धोक नाहीत. स्वादुपिंडाचा दाह, रक्तस्राव, आतड्यास छिद्र पडणे हे धोके संभवतात. म्हणून सोनोग्राफी, एमआरआय आदी तपासण्या आधी करून, अनुभवी तज्ज्ञांकडूनच ते करवून घ्यावेत.

प्लॅस्टिकची नळी साधारणतः तीन महिन्यांत तुंबू लागते. कावीळ उतरली, आता बरे वाटते, म्हणून रुग्ण पुन्हा रुग्णालयात गेला नाही, तर जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतू शकते. नळी बदलण्याची वा काढण्याची तारीख रुग्णाच्या घरच्यांनी लिहून ठेवावी.

काविळीसोबत पोटदुखी व थंडी वाजून ताप आल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा. माळ घालण्यात किंवा झाडपाल्यात दिवस घालवू नयेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची वाट दाखविली, तर एखादा जीव निश्चितच वाचू शकेल.